वळसंगच्या अण्णांची वॉरंटी

जुनी गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी काय करतं? टायरला लाथ मारतं. डॉक्टर असो, वकील असो, दुधनीचा आडत व्यापारी असो, गाडीभोवती एक चक्कर मारायची, पुढच्या टायरला बुटाच्या टोकानं दोन लाथा घालायच्या आणि सगळं कळल्यासारखी मान हलवायची. त्या लाथेतून त्यांना काय कळायचं ते एक सिद्धेश्वरालाच ठाऊक. सोळा वर्षं मी हे रोज बघितलं आणि एकालाही विचारलं नाही, कारण लाथ मारणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा गाडी घेऊन जायचं.

सोलापुरात विजापूर रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये मी वॉरंटीच्या टेबलावर बसायचे. काम काय, ते सांगते. नवी गाडी घेतली की बनवणारी कंपनी काही वर्षं तिची जबाबदारी घेते. ती मुदत संपली आणि गाडी दुसऱ्याच्या हाती गेली की त्या दुसऱ्याला कुणी वाली नसतो. मग त्यानं थोडे पैसे आधी भरायचे आणि पुढं दोन-तीन वर्षांत आतलं काही मोडलं तर वॉरंटीवाल्या कंपनीनं ते करून द्यायचं. ही झाली वाढीव वॉरंटी. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासोबत अकरा पानांची पुस्तिका यायची. काय मिळणार हे दीड पानात, आणि काय मिळणार नाही हे उरलेल्या साडेनऊ पानांत. लोक दीड पान वाचून सही करायचे आणि नंतर माझ्या नावानं शिमगा करायचे. म्हणून मी गिऱ्हाइकाला समोर बसवून ती साडेनऊ पानं मोठ्यानं वाचून दाखवायचे. मालक वैतागायचे. "बाई, तुम्ही विकताय का पळवून लावताय?" म्हणायचे. पण माझ्या हातून गेलेल्या कागदावर दावा नाकारला गेला असं सहसा होत नसे, आणि त्याचा मला तोरा होता. खोटं कशाला बोलू?

एकानं मला विचारलं होतं, "ड्रायव्हर बिघडला तर चालतं का यात?" दुसऱ्यानं सासऱ्यानं दिलेली गाडी आणली आणि म्हणाला, सासऱ्याला न कळता काहीतरी मोठं मोडेल असं बघा. असले नमुने खूप भेटले. पण रिकामपणी खुर्चीत बसले की मला आठवतात ते मल्लिनाथ अण्णा. त्यांच्या बाबतीत मी चुकले. कागदावर चुकले नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

अण्णा वळसंगचे. पन्नाशी ओलांडलेले, कपाळावर भस्माची बोटं, पांढरा शर्ट, पायात धुळीच्या चपला. श्रावणातल्या सोमवारी दुपारी आले. शोरूममध्ये दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. त्यांनी एकीकडंही बघितलं नाही. सरळ कोपऱ्यातल्या निळ्या गाडीपाशी गेले. लाथ मारली नाही. बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

ती निळी गाडी म्हणजे आमच्या आवारातलं अवघड जागेचं दुखणं होतं. दिसायला छोटी, आत इंजिन मात्र दुप्पट ताकदीचं. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. असल्या पळणाऱ्या गाड्या घ्यायला येणारी पोरं वेगळी असतात, कानात बाळी, फोनवर दोस्त. हा भस्म लावलेला माणूस त्यात कुठंच बसत नव्हता.

"अण्णा, कुणासाठी बघताय?" मी विचारलं.

"हीच पायजे. हिच्यावर वॉरंटी मिळतीय म्हनं?"

"मिळते की. पण ही साधी गाडी नाही. आधी तपासावी लागते."

तपासायचं काम इस्माईलभाईंचं. आमचे मेकॅनिक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला बाजी म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. त्यांच्याकडं संगणकाला जोडायचं यंत्र होतंच, पण ते आधी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डॉक्टरच्या नळीसारखं. यंत्र दहा मिनिटांनी जे सांगायचं ते यांना आधी कळलेलं असायचं. आता ते गुलबर्ग्याला लेकीकडं राहतात. रोजच्या चहाच्या वेळेला त्यांची आठवण येते हे मी त्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "हौ बाजी, मेरे कू बी." बस्स, एवढंच. तो माणूस इंजिनाशीच जास्त बोलायचा.

त्या दिवशी त्यांनी कान लावला आणि भुवया वर केल्या. "बाजी, इसकू किसने तो बी छेडा है."

म्हणजे गाडीला ट्यून मारलेली होती. या गाड्यांचं इंजिन किती ताकद लावणार हे आतला एक छोटा संगणक ठरवतो. हौशी पोरं त्यातला मजकूर बदलतात आणि गाडी कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त पळते. मजा येते, पण ताण वाढतो, आणि वॉरंटीवाले अशा गाडीला हात लावत नाहीत. मी पुस्तिकेतलं ते कलम काढून अण्णांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मूळ होती तशी करून घेऊ, मग वॉरंटी मिळेल."

अण्णांचा चेहरा पडला. "न्हाय बाई. त्ये काढू नका. बेडा, नकोच."

"का हो?"

त्यांनी नुसतं निळ्या गाडीकडं बघितलं. मी कागद भरायला घेतले. गाडीचे आजवरचे मालक लिहायचे असतात. सध्याचा अक्कलकोटचा, त्याआधीचा बार्शीचा, आणि पहिला मालक, मुक्काम वळसंग. नाव वाचलं आणि मी मान वर केली. समोर बसलेला माणूसच गाडीचा पहिला मालक होता!

"अण्णा, ही तर तुमचीच गाडी!"

"माजी न्हाय. नाव तेवडं माजं. गाडी सिद्धूची."

सिद्धाराम हा त्यांचा एकुलता मुलगा. गाड्यांचं वेड. इंजिनिअर झाला, नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे पैसे साठवून ही गाडी घेतली. उरलेल्या पैशांच्या कर्जासाठी कागद वडिलांच्या नावावर केले. स्वतः लॅपटॉप लावून ट्यून मारली. एकदा रात्री वळणावर गाडी शेतात गेली. पोराला खरचटलंसुद्धा नाही, पण अण्णांनी ती शेतात उभी असलेली गाडी बघितली आणि त्यांची झोप उडाली. पुढच्या महिन्यात मुलगा ट्रेनिंगला गेला तेव्हा त्यांनी त्याला न विचारता गाडी विकून टाकली.

"पोरगं जित्तं ऱ्हावं म्हनून इकली की बाई. दुसरं काय मनात न्हवतं."

मुलगा आला, रिकामी जागा बघितली. भांडला नाही. बॅग घेतली आणि परत गेला. आता चेन्नईत नोकरीला. सोलापूर स्टेशनवर संध्याकाळी बसलं की सकाळी चेन्नई. चार वर्षांत तो त्या रेल्वेत बसून एकदाही आला नव्हता. आईशी बोलायचा, बहिणीशी बोलायचा. वडिलांचा आवाज आला की फोन ठेवायचा.

अण्णांनी गाडीचा माग काढत काढत ती आमच्याकडं गाठली होती. घेऊन अंगणात त्याच जागी उभी करायची होती. आणि आतली ट्यून पोरानं स्वतःच्या हातानं केलेली, म्हणून ती काढायची नव्हती.

आता सांगा, वॉरंटीच्या बाईनं काय करावं? मी नेहमीचंच केलं. तीन प्रकारच्या वॉरंटी समोर मांडल्या. छोटीत नुसतं इंजिन. मधलीत इंजिन आणि गिअर, पण गिअरचा मेंदू नाही. या गाड्यांना गिअर आपोआप पडतात आणि ते पाडणारा एक यंत्राचा मेंदू असतो, तोच नेमका महागडा आणि तोच बहुधा जातो. तो फक्त मोठ्या वॉरंटीत. साध्या गाडीला मी कुणाला मोठी गळ्यात बांधली नाही. पण पळणारी गाडी जुनी घेतली तर मोठीच घ्यावी, हे आजही माझं मत आहे. छोटी घेऊन समाधान मानणारे पुढं डोक्याला हात लावून बसलेले मी बघितलेत.

"ट्यून ठेवलीत तर कुठलीच मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि उद्या गाडी बंद पडली तर पोराला काय दाखवणार? पत्र्याचा सांगाडा?"

हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं. इस्माईलभाईंनी तोडगा काढला. सिद्धूनं लिहिलेला मजकूर एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि लिफाफ्यात घालून अण्णांच्या हातात दिला. वॉरंटी संपली की पुन्हा घालता येईल म्हणाले. अण्णांनी तो लिफाफा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि मोठ्या वॉरंटीवर सही केली. मी साडेनऊ पानं वाचून दाखवली. आग, अपघात, उंदरानं कुरतडलेली वायर, पाण्यानं झालेलं नुकसान, सगळं.

गाडी घरी गेली. मुलीनं तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सिद्धूनं बघितला, उत्तर दिलं नाही.

मग आली खांडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी लोखंडाची पूजा. विळा, नांगर, ट्रॅक्टर, मोटारसायकल, जे जे चालतं ते धुऊन हळदकुंकू लावायचं. पुण्याचे आमचे वॉरंटीवाले साहेब दर दसऱ्याला विचारायचे, तुमच्याच जिल्ह्यातून या आठवड्यात इतके दावे का येतात? त्यांना काय माहीत, इथं नवमीला इंजिन आंघोळ करतं! अण्णांनी पहाटे बॉनेट उघडलं, द्राक्षाला फवारायचा पंप लावला आणि ट्रॅक्टर धुतात तसं ते नाजूक इंजिन चकचकीत धुऊन काढलं. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चावी फिरवली. गाडी ढिम्म.

मुलीनं घाबरून ग्रुपवर लिहिलं, गाडी बंद पडली. आणि पाच मिनिटांत फोन वाजला. अण्णांच्याच फोनवर.

"अप्पा, इंजिनवर पाणी मारलं काय?"

चार वर्षांनी पोराचं पहिलं वाक्य हे. अण्णा मला सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते. "म्या म्हनलं, व्हय रं बाबा, मारलं. तर लई बोलला मला. लई म्हंजे लई. म्या ऐकत बसलो."

ट्रॅक्टरनं ओढू नका, गिअरबॉक्स जाईल, असं त्यानं तीनतीनदा बजावलं. गाडी ट्रकवर चढवून आमच्याकडं आली. इस्माईलभाईंनी दोन दिवस उन्हात उघडी ठेवली, वारा मारला, पाणी निघालं, इंजिन सुरू झालं. पण गिअर पडेना. गिअरचा मेंदू गेला होता. दुरुस्ती दीड लाखाच्या घरात.

पुण्याहून तपासनीस आला. अण्णा भोळा माणूस, त्यानं विचारायच्या आधीच सांगून मोकळे झाले, पंपानं धुतली म्हणून. त्यानं अहवालात लिहिलं, पाण्यानं नुकसान, दावा नामंजूर. मला असा संताप आला की काय सांगू! इस्माईलभाईंनी यंत्र लावून दाखवलं की गिअरच्या मेंदूनं पहिली तक्रार नोंदवली ती नवमीच्या आधी, गाडी दोनशे किलोमीटर कमी चाललेली असताना. पाण्याचा संबंध फक्त इंजिनाशी होता. मी पत्र लिहिलं. दुसरं लिहिलं. पुण्याच्या साहेबांना रोज सकाळी अकराला फोन केला. नंतर ते फोन उचलताना आधी सुस्कारा सोडायचे. कितीदा "बाई, जरा समजून घ्या" म्हणाले. मी म्हटलं, समजून तुम्ही घ्या, माझ्याकडं कागद आहे.

आठवड्याभरात मंजुरी आली. मी खुर्चीतून उठून मोठ्यानं "आली!" म्हणाले. गिऱ्हाइकाचं होकारपत्र सात दिवसांत पाठवायचं होतं, नाहीतर मंजुरी रद्द. अण्णांना फोन लावला. "अण्णा, पेढे काढा! दिवाळीआधी गाडी दारात."





"येवडी काय घाई हाय बाई?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आले, समोर बसले. पाणी प्यायले. मग सांगितलं. गाडी बंद पडल्यापासून सिद्धू रोज संध्याकाळी फोन करत होता. आज काय म्हणाले, तेल सांडलं होतं का, स्क्रीनवर काय दिसलं. अण्णा दिवसभर आमच्याकडून एखादी बातमी मिळवायचे आणि संध्याकाळी पोराला द्यायचे. हळूहळू गाडीचं बोलणं संपल्यावरही तो फोन चालू ठेवायला लागला. पाऊस पडला का, आईचा गुडघा कसा आहे. आणि परवा म्हणाला होता, दिवाळीपर्यंत त्यांच्यानं होत नसेल तर मी रजा टाकून येतो, मीच गिअरबॉक्स उतरवतो.

"त्यो येतो म्हनलाय बाई. मंजुरी थांबवता येतीय का?"

"थांबवली तर जाईल हो ती. दीड लाख तुमच्या खिशातून जातील."

"जाऊ द्यात की."

मी फाइल ड्रॉवरमध्ये टाकली. सोळा वर्षांत मी जाणूनबुजून अडवून ठेवलेली ती एकच फाइल. एक दिवस गेला, चार गेले. पुण्याचे साहेब आता स्वतः फोन करायला लागले, बाई, भांडून मंजुरी घेतलीत, होकार कुठं आहे? इस्माईलभाई चहा पिता पिता म्हणाले, "छोड दो ना बाजी. छोरा आरा है तो आने दो."

सातव्या दिवशी मी सकाळपासून त्या कागदाकडं बघत बसले. मनात एकच घोळत होतं. पोरगं म्हणतं येतो. चार वर्षं न आलेलं पोरगं. ऐनवेळी रजा नाही मिळाली, राग परत उफाळला, रेल्वे चुकली, तर? मग या माणसाजवळ पोरगाही नाही, गाडीही नाही आणि पैसेही नाहीत. आणि खरं सांगू, त्यामागं आणखी एक होतं. इतकं भांडून मिळवलेली मंजुरी माझ्या हातानं मरू द्यायची माझी छाती झाली नाही. दुपारी अण्णांना फोन केला. म्हटलं, "अण्णा, माझं ऐका, सही करा. पोराला यायचंच असेल तर चालू गाडी बघायलाही येईल."

"तुमी म्हनताय तर करतो," ते म्हणाले. आधी जशी माझ्या शब्दावर सही केली होती, तशीच पुन्हा केली.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. इस्माईलभाईंनी स्वतः वळसंगला नेऊन पोचवली. अण्णांनी सिद्धूला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, "चला, बरं झालं अप्पा. मग रजा टाकत नाही आता."

दिवाळी झाली. तो आला नाही. फोन आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग बंद. पुन्हा आईशी आणि बहिणीशी तेवढा.

आपलं नक्की कुठं चुकलं, हे मी किती वेळा मनात घोळवलं असेल. तेव्हा फाइल ड्रॉवरमध्येच राहिली असती, तर काय झालं असतं? पोरगा खरंच उतरला असता का सोलापूर स्टेशनवर, हातात पाना-पक्कड घेऊन? मला माहीत नाही. पण उतरला असता असं फार वाटतं. बापलेक त्या गाडीखाली आडवे पडलेत आणि पोरगा बापावर डाफरतोय असं चित्र मी न बघताच मला दिसतं.

माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता तेव्हा अण्णा आले. शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. मला वाटलं निरोपाला आलेत. गाडी कशी आहे विचारलं.

"लई झ्याक. कायबी तक्रार न्हाय." मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "बाई, वॉरंटी अजून दीड वरीस हाय ना? त्यात आजून काय काय बिगडू शकतंय?"

लोक हा प्रश्न भीतीनं विचारतात. अण्णांच्या आवाजात भीती नव्हती. मी गंमत समजून हसले, मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसणं थांबलं.

"एसी जाऊ शकतो," मी म्हटलं.

अण्णांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

"एसीचं हितं कोनबी करंल बाई. त्याला यावंच लागंल असं काय हाय का?"